परत आल्याचं बटण

१

कोसंबटोल्याच्या फाटकापाशी अश्वजितने बसवलेल्या पेटीला दोन बटणं होती. हिरवं जाण्याचं, पिवळं परत आल्याचं. मोह वेचायला जंगलात जाणाऱ्या बाईने जाताना हिरवं दाबायचं, येताना पिवळं. वाचता यायला नको, मोबाईलला रेंज नको. फाटकापासून समाजमंदिरापर्यंत तीनशे मीटर तार ओढलेली. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत नखाएवढ्या मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आणि बाहेरच्या भिंतीवर आकड्यांचा फलक. जंगलात आत्ता किती जणी आहेत ते फलक सांगायचा, लाल आकड्यात. सगळ्या परतल्या की शून्य, आणि ते शून्य मात्र हिरवं. सकाळी दहापर्यंत शून्य झालं नाही तर भोंगा वाजायचा.

अश्वजित राजुऱ्याला पंपांचे स्टार्टर दुरुस्त करायचा. आयटीआय झालेला, पस्तिशीला टेकलेला, लग्नाचा विषय निघाला की स्क्रूड्रायव्हर शोधायला उठणारा. प्रोग्रामिंग त्याने मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकून घेतलं होतं. ही पेटी करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण मागच्या वर्षी मोहाच्या दिवसांत गुणाबाई जंगलातून परत आली नाही, हे गावाला कळलं संध्याकाळी सात वाजता. सोबतच्या बायांना वाटलं ती पुढे निघून गेली, घरच्यांना वाटलं ती कुणाच्या ओट्यावर बसली असेल. वाघाने तिला सकाळी आठच्या सुमारासच नेलं असावं, असं नंतर वनरक्षक म्हणाला. मधले अकरा तास गुणाबाई कुणाच्याच मोजणीत नव्हती.

आणि अश्वजितची आई, अंजनाबाई, रोज त्याच जंगलात जायची. नको जाऊ म्हणून त्याने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, एक दिवस टोपली लपवूनही पाहिली. "तुह्या बापाच्या वक्तापासून ते मोहाचं झाड माह्यं हाये," ती म्हणायची, आणि शेजारणीची टोपली मागून घेऊन जायची. आईपुढे त्याचं काही चालत नव्हतं. मग निदान ती परत आली की नाही हे वेळेत कळावं, एवढ्यासाठी त्याने पेटी केली.

२

पहिल्याच दिवशी नऊ बाया गेल्या आणि फलकावर आकडा आला त्रेसष्ट.

गाव पोट धरून हसलं. सोमारी ही त्या नऊ जणींतली सगळ्यांत म्हातारी. ती म्हणाली, "येवढ्या बाया तं आपल्या गावात लग्नालेही जमत नाई, बापा."

अश्वजितला मात्र दोष कुठे आहे ते लगेच कळलं. बटण दाबल्यावर आतली पत्री एकदाच टेकते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती टेकते, उडते, पुन्हा टेकते, पुन्हा उडते. पापणी लवायच्या आत हे सगळं संपतं, पण चिप पापणीपेक्षा फार भरभर बघते आणि प्रत्येक उडी वेगळी मोजते. यावर उपायही ठरलेला असतो. पहिली उडी दिसली की प्रोग्रामने क्षणभर थांबायचं, थरथर शांत होऊ द्यायची, आणि मग एकच दाब धरायचा. दुसऱ्या दिवशी नऊ बायांचे नऊ झाले.

त्याने हौसेने आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक दाबामागे किती थरथरी आल्या, त्याची नोंद लॅपटॉपवर उतरत राहील असं केलं. कुणाची सात, कुणाची पाच, कुणाची अकरा. अंजनाबाईची हमखास बारा-तेरा, कारण ती बटण दाबायची नाही, अंगठ्याने ठोसायची.

"जंगलात मानसं मोजत नसतेत," सोमारी एकदा पेटीपाशी थांबून त्याला म्हणाली.

"मी कुठी मोजून राह्यलो, बाई? मशीन मोजून राह्यली."

सोमारीने त्याच्याकडे पाहिलं आणि टोपली डोक्यावर ठेवून चालू लागली. तिला वाद घालायचा नव्हता.

३

बारा दिवस सुरळीत गेले. अश्वजितने राजुऱ्याचं दुकान महिनाभर उशिरा उघडायचं ठरवलं होतं. साडेआठपासून तो समाजमंदिराच्या मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचा. खोलीत सतरंज्यांच्या गुंडाळ्या, जयंतीच्या मिरवणुकीचे निळे झेंडे, आणि कोपऱ्यात कधीपासून बिघडलेला एक पंखा. फाटकावर बटण दाबलं गेलं की बोर्डावरचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा खटका, वाजायचा. टक. त्या आवाजाची त्याला एवढी सवय झाली होती की तो डोळे मिटून मोजायचा.

तेराव्या दिवशी नऊ वेळा टक झालं, फलक हिरवा झाला. अश्वजितने लॅपटॉप मिटला, चपला घातल्या.

टक.

बाहेर येऊन पाहिलं तर फलकावर होतं, उणे एक.

दहाला भोंगा वाजला, कारण प्रोग्रामच्या हिशेबाने उणे एक म्हणजे शून्य नव्हे. लोक काठ्या घेऊन धावत आले. नऊच्या नऊ बाया आपापल्या अंगणात मोह पसरत होत्या. लोक हसत परत गेले.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि या वेळी धावत आलेले लोक निम्मेच होते, हसलं कुणी नाही. अश्वजितने तार बदलली. बटण नवं बसवलं. जवळच्या शेताला झटका देणारं सौर कुंपण होतं, त्याच्या विजेचा लोंढा तारेत शिरत असेल म्हणून ते दोन तास बंद ठेवून पाहिलं. मग नोंद उघडून बसला. जादाचा दाब असाच आला असता तर समजण्यासारखं होतं. पण नोंदीत त्या दाबापुढे थरथरींच्या रकान्यात शून्य होतं. तिन्ही दिवस शून्य.

त्याने स्वतः तेच बटण शंभर वेळा दाबून पाहिलं. हळू, जोरात, नखाने, काडीने. तीनच्या खाली आकडा एकदाही आला नाही. लोखंडाला लोखंड लागलं की ते उडणारच. न उडता टेकणारा स्पर्श कसला असतो, हे त्याला सुचेना.

४

चौथ्या दिवशी तो स्वतःच फाटकापाशी जाऊन बसला. खोलीत आवाज ऐकायला हरिदासभाऊंना बसवलं. हरिदासभाऊ गावच्या वन समितीचे अध्यक्ष, शब्दाला पक्के आणि पायाने थोडे अधू.

एकेक बाई आली, बटण दाबून गेली. आई आली, अंगठा ठोसून गेली. "काऊन बसला रे असा उन्हात?" एवढं विचारायला विसरली नाही. नऊ झाल्या. वाट रिकामी झाली. फाटक म्हणजे दोन बांबू, तेही उघडेच. पलीकडे सागाची वाळकी पानं, त्यांच्यावरून उंदीर चालला असता तरी ऐकू आला असता. अश्वजितने पिवळ्या बटणावर नजर रोखून धरली. पाच मिनिटं, सात मिनिटं. डोळे चुरचुरायला लागले. डोळे पुसायला त्याने गमछा वर केला, आणि पेटीतून बटण दाबल्याचा बारीक आवाज आला.

टक.

गमछा खाली केला तेव्हा बटणाची पिवळी टोपी वर येत होती. शेवटचा तांदळाच्या दाण्याएवढा भाग वर येताना त्याने पाहिला. पेटीपुढे कुणी नव्हतं. पानं वाजली नव्हती.

त्याची बुद्धी त्याला सोडून गेली नाही, हे इथे सांगायला हवं. बायांच्या बोटांना मोहाचा रस असतो, रस चिकट असतो. टोपी आत चिकटून राहिली असेल, उन्हाने सुटली असेल. त्याने रॉकेलने टोपी साफ केली आणि घरी आला. चिकटून राहिलेली टोपी सुटते तेव्हा नवा दाब कसा नोंदला जातो, हा प्रश्न त्याने त्या दिवशी स्वतःला विचारला नाही.

त्या दुपारी हरिदासभाऊ म्हणाले, "मले एक वाटते अश्वजित, ते गुणाबाई…"

"भाऊ, नका."

"बरं. पन भोंग्याचं पाह्य. असा रोज खोटा वाजला तं खऱ्या दिवशी कोनी येनार नाई."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. खोटं बोलणारा भोंगा नसलेल्या भोंग्यापेक्षा वाईट.

५

प्रोग्राम लिहिणारा कोणीही जे करेल तेच अश्वजितने केलं. आकडा शून्याच्या खाली गेला तर तो शून्यच धरायचा. एका ओळीचं काम. उणे माणसं जगात नसतात, मग फलकाने ती दाखवायची कशाला? जादाचा दाब आला तर येवो, फलक हिरवाच राहील, भोंगा गप्प राहील.

ओळ लिहिताना त्याला थोडी टोचणी लागली होती. दुखणं तसंच ठेवून वरून पट्टी बांधल्यासारखं वाटत होतं. पण पेटी गावाच्या मनातून उतरायला नको होती. पेटी उतरली असती तर आई पुन्हा बिनमोजणीची जंगलात गेली असती.

गावाची तक्रार संपली. नोंद मात्र चालू होती, आणि अश्वजित ती रोज बघायचा. दिवसाला दहा दाब, त्यांतला एक शून्य थरथरीचा. फरक एवढाच पडला की तो आता शेवटी येईना. पहिल्या दिवशी दहावा होता. मग आठवा झाला. मग सातवा. पुढे सहा बाया, मागे तीन बाया, मध्ये तो.

त्याने सोमारीला विचारलं, "बाई, येताना तुमच्या रांगेत कोनी दुसरं रायते का?"

"मी मागं पाहत नाई," सोमारी म्हणाली. "तुनं मोजनीत जागा केली, तूच पाह्य."

"कसली जागा?"

ती मोहाच्या फुलातले केसर काढत राहिली.

६

पुढच्या मंगळवारी नऊ बाया गेल्या. साडेनऊला नऊ वेळा टक झालं आणि फलक हिरवा झाला. अश्वजित दहाव्याची वाट बघत बसला. पावणेदहा झाले, दहा झाले, सव्वादहा झाले. रिले गप्प होता.

त्याला एवढं हलकं वाटलं की तो मोठ्याने हसला. गेलं एकदाचं. तारच असणार, रसच असणार, काहीतरी सुकलं असेल किंवा सरकलं असेल. जाता जाता त्याने नोंद उघडली.

नऊ दाब होते. सहा, नऊ, पाच, सात, शून्य, आठ, पाच, दहा, सहा.

तो पुन्हा खाली बसला. नऊ गेल्या होत्या. परत आल्याचे दाब नऊ. त्यांतले थरथरणारे आठ.

तो सोमारीकडे गेला, ती अंगणात मोह निवडत बसलेली होती. त्याने तोंड उघडायच्या आधीच तिने हात थांबवला. त्याने विचारलं, "आज कोनामागं कोन आली, बाई?"

तिने बोटांवर मोजलं. रंजीता पुढे होती, मग तिच्या दोघी सुना, मग सोमारी स्वतः.

"अन् तुमच्यामागं?"

"तुही माय," सोमारी म्हणाली.

७

अंजनाबाई घरीच होती. अंगणात सारवलेल्या जागेवर मोह पसरत होती, पदर कमरेला खोचून, वाकून, नेहमीसारखी. टोपली तीच. पायातली एक पट्टी सुतळीने बांधलेली चप्पल दारात तशीच.

"आलास का? हात धू. भाकर करून ठेवली हाये," ती म्हणाली.

आवाज तिचा होता. अश्वजित तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी चुकीचं दिसावं म्हणून तो शोधत होता, आणि काही दिसलं नाही म्हणून त्याला बरं वाटत नव्हतं. डाव्या भुवईवरची कापल्याची खूण होती. बोलताना ती मान जशी कलती करायची, तशीच करत होती.

त्याच्या टेबलावर चाचणीचा एक बोर्ड असायचा, त्याला जोडलेलं तसंच पिवळं बटण. त्याने तो बाहेर आणला, लॅपटॉप ओट्यावर ठेवला.

"आई, येवढं दाबून दे."

"आता काऊन?"

"दे ना."

तिने पदराला हात पुसला आणि अंगठा ठेवला. ठोसला नाही, ठेवला. टोपी आत गेली. लॅपटॉपवर आकडा आला, शून्य.

"आनखी एकदा."

शून्य.

त्याने स्वतः दाबलं. अकरा. बटण चांगलं होतं.

"बरोबर आलं ना, बाबू?" तिने विचारलं. फार मायेने विचारलं. अश्वजितला रडू यायला लागलं, आणि ते कुणासाठी येतंय हे त्याला ठरवता येईना. तो उठला आणि समाजमंदिराकडे चालू लागला. थोडं अंतर चालला आणि मग धावला.

८

खोलीत भोंग्याचं एक लाल बटण होतं, हाताने वाजवायचं. त्याने ते दाबलं.

लोक आले. भर दुपार व्हायला आली होती, तरी आले. हरिदासभाऊ लंगडत आले. बायाही आल्या, आणि अश्वजितने त्यांना भिंतीशी ओळीने उभं राहायला सांगितलं. त्याने मोठ्याने मोजलं. रंजीता, दोन सुना, सोमारी. पाचवी अंजनाबाई, डोक्यावर पदर घेऊन. मग चौघी. नऊ.

हरिदासभाऊंनी भोंगा बंद केला. "नऊच्या नऊ इथी हायेत. फलक हिरवा हाये. राह्यलं कोन?"

अश्वजितने पुन्हा ओळीकडे पाहिलं. आईचं नाव घ्यायचं तर आई समोर उभी होती. सगळे त्याच्याकडे बघत होते. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती, आणि ती त्याच्याबद्दलची होती. "उन्हात बसून राह्यते दिवसभर," रंजीता कुणाला तरी हळूच म्हणाली.

तेवढ्यात मागच्या खोलीत रिले वाजला.

टक.

फलकाकडे सगळ्यांनी पाहिलं. फलकावर शून्य होतं आणि शून्यच राहिलं, हिरवं. शून्याच्या खाली जायचं नाही, हे त्यानेच त्याला शिकवलं होतं.

टक. टक.

"तारीचं हाये ते," हरिदासभाऊ म्हणाले. "तुनंच सांगतलं होतं ना?"

अश्वजित खोलीत गेला. नोंदीत तीन नव्या ओळी होत्या. तेरा. बारा. तेरा. त्याच्या डोळ्यांदेखत चौथी आली, तेरा. गावात असा अंगठा दुसऱ्या कुणाचा नव्हता.

तो फाटकाकडे धावला. तीनशे मीटर म्हणजे फार नव्हे, पण वाटेत मुरूम आहे, चढ आहे, आणि तो पस्तीस वर्षांचा बसून काम करणारा माणूस होता. "आई," तो ओरडत होता. मागून कुणीतरी त्याला हाका मारत होतं, दोन-तीन माणसं पाठोपाठ येत होती. फाटक दिसलं. दोन बांबू, उघडे. पेटी. पेटीपुढे कुणी नव्हतं.

पिवळी टोपी वर आलेली होती. तिला मोहाचा रस लागलेला होता, ओला. पण नऊ बायांच्या बोटांना रस असतो, त्यावरून काय सिद्ध होणार? पलीकडे वाळकी पानं होती आणि पानांवर ऊन. त्याने पुन्हा हाक मारली. ओ आली नाही. आलेली माणसं भली होती, त्यांनी विचारलं नाही की आपण कुणाला शोधतोय. त्याच्यासोबत ती अंजनाबाईच्या झाडापर्यंत जाऊन आली. झाडाखालची झाडून काढलेली जागा निम्मी वेचलेली होती, निम्म्या जागेवर फुलं तशीच पडलेली होती. कुठे ओढल्याची खूण नाही, रक्त नाही, पावलं नाहीत.

परत आल्यावर त्याने नोंद वाचली. तो खोलीतून निघाल्यानंतर सात दाब आले होते. बारा. अकरा. नऊ. नऊ. पाच. दोन. शेवटचा तो फाटकापाशी पोचायच्या अर्धा मिनिट आधीचा होता, आणि त्याच्यापुढे शून्य होतं.

समाजमंदिर रिकामं झालं होतं. लोक जेवायला गेले होते. ओट्यावर एकटी अंजनाबाई बसली होती, त्याची वाट बघत. तो बाहेर आला तशी ती उठली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"चाल घरी," ती म्हणाली. "भाकर थंडी झाली."

हात उबदार होता, थोडा खरबरीत, लहानपणी बाजारात धरायचा तसा. अश्वजितला भीती वाटत होती. तो हात सुटू नये असंही वाटत होतं, आणि त्याची त्याला फार लाज वाटली. त्याने हात सोडवला नाही. दोघं घराकडे चालायला लागली, आणि फाटकाकडच्या वळणावर त्याने मागे पाहिलं नाही.